न दिसणारे किरण

मुलांनो, शोभेचे मासे पाहायला तुम्हांला आवडतात ना? काचेच्या टाकीतील पाणी कधी कधी हिरवे होते. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शेवाळामुळे असे घडते. मग पाणी बदलावे लागते. पण आपल्या मराठवाड्यात पाणी जपूनच वापरावे लागते. एप्रिल २०१६ मध्ये तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणले होते! म्हणून काही लोक टाकीला पाणी शुद्ध करणारा एक दिवा जोडतात.

या दिव्यातून अतिनील किरण निघतात. उर्दूत तुम्ही त्यांना 'बालाए बनफ्शी शुआएँ' म्हणता. हे किरण पाण्यातील शेवाळ व रोगजंतू नष्ट करतात. १९१० साली फ्रान्समधील मार्सेय शहरात पिण्याचे पाणी याच रीतीने शुद्ध करून पाहिले होते. घरातील पाणी शुद्ध करणाऱ्या अनेक यंत्रांतही असाच दिवा असतो.

दिव्याभोवती क्वार्ट्झची नळी असते. साधी काच हे किरण अडवते, क्वार्ट्झ अडवत नाही. म्हणून फुटलेल्या नळीच्या जागी साध्या काचेची नळी चालत नाही.

आता नीट लक्ष द्या. नळीला तडा गेला, तर पाणी विजेच्या जोडणीपर्यंत पोहोचते. अशा वेळी टाकीत हात घालू नका. मोठ्या माणसांना हाक मारा. त्यांनी कोरड्या हाताने आधी बटण बंद करावे, मग प्लग काढावा. दिवा बंद राहिला म्हणून मासे मरत नाहीत. त्यांना हवेचा पंप आणि गाळणी अधिक गरजेची असते.

उपकरणाचे झाकण तुटले असेल, तर दिवा लावून पाहू नका. निळसर उजेड दिसतो, पण अतिनील किरण दिसत नाहीत. वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यांनी पाहिल्यावर काही तासांनी डोळे चुरचुरतात. येथेही तसेच होते. त्वचाही भाजते.

दिवाच फुटला तर? त्यात थोडा पारा असतो. पाऱ्याची वाफ विषारी असते. खिडक्या उघडा आणि खोलीबाहेर जा. पंधरा-वीस मिनिटांनी मोठ्यांनी हातमोजे घालून जाड कागदाने तुकडे उचलावेत. झाडू मारू नये, त्याने पारा पसरतो. बारीक कण ओल्या कागदाने टिपावेत. सारे घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे.

टाकीतच दिवा फुटला, तर मासे दुसऱ्या स्वच्छ पाण्यात हलवावेत. एरवी टाकीचे जुने पाणी झाडांना चांगले असते. हे पाणी मात्र झाडांना किंवा जनावरांना देऊ नये.

बरणी रोजच्या कचऱ्यात का टाकू नये? कचरा वेचणारी मुले काच हाताने उचलतात. त्यांचे हात उघडे असतात. म्हणून बरणीवर 'फुटलेला पाऱ्याचा दिवा' असे लिहावे आणि ती घातक कचरा म्हणून वेगळी द्यावी. चिठ्ठी मराठीत आणि उर्दूत लिहाल, तर अधिक लोकांना वाचता येईल.

शब्दार्थ
सूक्ष्म – फार बारीक
तडा – भेग
घातक – धोका करणारे

स्वाध्याय
१. क्वार्ट्झच्या नळीऐवजी साधी काच का चालत नाही?
२. दिवा फुटल्यावर झाडू का मारू नये?
३. बरणीवर लावायची चिठ्ठी दोन्ही भाषांत लिहा.