अन्नसाखळीची सुरुवात नेहमी सूर्यापासूनच होते का?



"प्रत्येक अन्नसाखळी सूर्यापासून सुरू होते" हे वाक्य मुलं पाठ करतात. मोशीतल्या मुलांना इंद्रायणीकाठची शेतं पाहून ते पटतंही. पण "जिथे ऊन पोहोचतच नाही, तिथले प्राणी काय खातात?" असं एखाद्याने विचारलं, तर त्याला गप्प बसवू नका. प्रश्न अगदी योग्य आहे.

वज्रेश्वरी, राजापूरचे गरम पाण्याचे झरे मुलांना ऐकून माहीत असतात. समुद्रतळाशीही असे झरे आहेत. तिथे भेगांतून खाली गेलेलं पाणी बहुतेक ठिकाणी ज्वालामुखीच्या उष्णतेने तापतं आणि हायड्रोजन सल्फाइडसारखी रसायनं घेऊन वर येतं. सड्या अंड्यांसारखा वास येतो तोच हा वायू.

१९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ सुमारे २,५०० मीटर खोलीवर अशा झऱ्यांभोवती प्राण्यांची दाट वस्ती सापडली. तिथले जीवाणू या रसायनांतून ऊर्जा मिळवून अन्न तयार करतात. यालाच रसायनसंश्लेषण म्हणतात. तिथल्या मोठ्या नळीकृमींना तोंडच नसतं; शरीरातले जीवाणूच त्यांना पोसतात. डिसेंबर २०२४ मध्ये गोवा आणि चेन्नईच्या राष्ट्रीय संस्थांतील शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरात ४,५०० मीटर खोलीवरच्या झऱ्याची छायाचित्रं टिपल्याचं जाहीर झालं.

आता उथळ झरे बघू. साधारण २०० मीटरपेक्षा कमी खोलीवर चित्र बदलतं. वरच्या भागात ऊन पोहोचत असल्याने तिथे शैवालही अन्न बनवतं आणि जीवाणूही. म्हणजे एका घरात दोन चुली! त्यामुळे फक्त झऱ्यावरच जगणारे प्राणी इथे थोडे. आसपासच्या समुद्रातले, उष्णता आणि विषारी पाणी सोसणारे प्राणीच जास्त.

तैवानजवळच्या कुएशान बेटाचे खेकडे मात्र खास आहेत. भरती-ओहोटीचा प्रवाह थांबला, की झऱ्याचं विषारी पाणी सरळ वर चढतं. त्यात सापडलेले बारीक प्लवक मरून खाली पडतात. तेवढ्यात कपारींतून खेकड्यांच्या झुंडी बाहेर पडतात आणि ते वेचून खातात. झरा इथे शिजवत नाही, शिकार करून देतो!

मुलांना फळ्यावर दोन साखळ्या काढायला सांगा: एक सूर्यापासून, दुसरी सल्फाइडपासून. मग विचारा, या खेकड्याला कुठे बसवाल? प्लवकाचं अन्न शैवालातून आलं, म्हणजे मूळ सूर्यच. मुलं वाद घालतील. घालू द्या. आणि पाठ केलेल्या वाक्यात "बहुतेक" हा एक शब्द जोडायला सांगा.