लक्तरे वेशीवर? – ‘घाशीराम’ आणि परदेशी प्रेक्षक

सोलापूरची चादर परदेशी जाते, यात कुणाला नवल वाटत नाही. पण सोलापुरात शाळा शिकलेल्या एका दिग्दर्शकाचे मराठी नाटक युरोपात निघाले, आणि ते जाऊ नये म्हणून काही मंडळींनी न्यायालयाची पायरी चढली, ही हकिकत आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. मलाही नव्हती.

कारण घडले ते असे. आमच्याकडे काही परदेशी पाहुणे यायचे होते. कार्यक्रमात लेझीम व लावणी हवीच, यावर एकमत झाले. मी ‘घाशीराम कोतवाल’मधील एक प्रवेश सुचविला, तेव्हा एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, “अरे, पाहुण्यांसमोर आपलीच लक्तरे वेशीवर कशाला टांगायची?” मला उत्तर सुचले नाही. ते शोधण्यासाठीच हा अभ्यास केला.

विजय तेंडुलकरांचे हे नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रथम झाले. दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकर यांचे आणि नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची. घाशीराम सत्तेसाठी पोटची मुलगी नाना फडणवीसाच्या हवाली करतो, कोतवाल होतो, पुण्याचा छळ मांडतो आणि अखेर जमावाच्या हाती मरतो. त्याला वाढविणारी सत्ता मात्र सहीसलामत राहते. या चित्रणावरून वादळ उठले आणि एकोणीस प्रयोगांनंतर मूळ संस्थेने नाटक थांबविले. कलावंतांनी १९७३ मध्ये ‘थिएटर अकॅडमी’ काढून पुढल्या वर्षी ते पुन्हा उभे केले.

१९८० मध्ये युरोपचा दौरा ठरला, तेव्हा विरोधाने पुन्हा डोके वर काढले. शेवटी, नाटक म्हणजे इतिहास नव्हे आणि नाना हे थोर मुत्सद्दी होते, असे निवेदन प्रयोगापूर्वी करावे, अशी तडजोड झाली. मग पश्चिम बर्लिनसह युरोपातील अनेक शहरांत मराठीतूनच प्रयोग झाले.

भाषा न कळणाऱ्यांपर्यंत हे नाटक पोचले कसे? माझ्या मते त्याचे श्रेय नाटकाच्या घडणीला आहे. रंगमंचावर एका ओळीत उभे राहणारे ब्राह्मण हाच पडदा. तीच माणसे क्षणात भिंत होतात, क्षणात गर्दी. कीर्तन, लावणी, दशावतारी खेळ यांचा ताल अंगात भिनलेला. अभंग आणि शृंगार शेजारी आले की ढोंग शब्दांवाचून दिसते. म्हणजे जी लोककला आपण पाहुण्यांना ‘नमुना’ म्हणून दाखवितो, तीच येथे विचाराचे हत्यार झाली आहे.

तरीही त्या गृहस्थांचा आक्षेप मला पोकळ वाटत नाही. आपल्याला नाना इतिहासाच्या पुस्तकांतूनही भेटतो. परक्या प्रेक्षकाला तो एकाच रूपात भेटणार. ही जबाबदारी खरीच आहे. पण तिचे उत्तर माहिती देणे हे आहे, नाटक अडविणे नव्हे. वेल्समधील लँगॉलेन गावी १९४७ पासून आंतरराष्ट्रीय संगीतमहोत्सव भरतो. देशोदेशीचे संघ आपापल्या पोशाखात तिथे गातात, नाचतात. अशा मेळ्यांतून स्नेह जुळतो, हे मोलाचेच. परंतु पोशाख पाहून माणसाची ओळख होते तेवढीच. तो स्वतःला कोणते प्रश्न विचारतो हे कळले, म्हणजे परिचय वाढतो. याच पटेलांचा ‘सामना’ १९७५ च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात दाखविला गेला. साखर कारखानदारीतील सत्तेची ती कथा. तिच्यातही आपली शोभा नव्हती, पण आपले जगणे होते.

मी हे सारे त्या गृहस्थांना सांगितले. ते हसून म्हणाले, “मग आधी दोन शब्द समजावून सांग, आणि कर तुझा प्रवेश.” लेझीम झाली, लावणी झाली, आणि पाच मिनिटांचा प्रवेशही झाला. नंतर चहाच्या वेळी एका पाहुणीने लेझमीची तारीफ केली. प्रश्न मात्र तिने घाशीरामविषयी विचारले, आणि त्यांतील निम्म्यांची उत्तरे मला देता आली नाहीत. आपली कला जगापुढे नेण्याआधी आपण ती नीट अभ्यासली पाहिजे, एवढे त्या संध्याकाळी मला उमजले.