डोंगरातली रोपं उकरून आणू नका, हुंडीतून हुमणी येते

वळवाच्या दोन-चार सरींनी जोतिबाच्या उतारावरची माती मऊ झाली की खुरपी-पहार घेऊन माणसं वर जातात. जांभूळ, हिरडा, करवंद, जे सापडेल ते हातभर उंचीचं रोप मातीच्या हुंडीसह उकरायचं, गोणपाटात गुंडाळायचं आणि कुशिरे, गिरोली, केर्लीपासून कोल्हापूर शहरापर्यंत कुणाच्या परसात, कुणाच्या उसाच्या बांधावर नेऊन लावायचं, असा हा दरवर्षीचा उद्योग. रोप जंगलचं म्हणजे काटक, कुठंही तगेल, अशी समजूत त्यामागे असते. पण ज्या दिवसांत ही रोपं उकरली जातात, नेमक्या त्याच दिवसांत हुमणीचे भुंगेरे अंडी घालत असतात. आज या भागातल्या ऊस आणि भुईमूग शेतकऱ्यांना ज्या किडीची धास्ती आहे, तीच आपण गोणपाटात बांधून घरी नेतो.

वळीव झाला की अंधार पडताना भुंगेरे जमिनीतून बाहेर येतात, कडुनिंब, बाभूळ, बोर यांवर जमतात, रात्रभर पाला खातात आणि उजाडण्यापूर्वी परत मातीत शिरतात. एक मादी साधारण ५० ते ६० अंडी घालते. अंडं पांढरं, ज्वारीच्या दाण्याएवढं, मातीत एकेकटं पडलेलं. उकरणाऱ्याला ते खड्याहून वेगळं वाटत नाही. दोन-तीन आठवड्यांत अळी बाहेर पडते; हीच हुमणी. लहानपणी ती कुजकं खत आणि बारीक मुळ्या खाते, म्हणून तिचा पत्ता लागत नाही. ऑगस्टपासून ती मोठी होते आणि मग जाड मुळंही सोडत नाही. शेतात तिच्यापुढं हजारो मुळं असतात. परसातल्या खड्ड्यात मात्र तिला एकाच रोपाची मुळं मिळतात. शिवाय ऑगस्ट-सप्टेंबरात पावसाची उघडीप असते. रोप सुकलं की मालक पावसाला बोल लावतो, आणखी पाणी ओततो. ते हलकेच ओढून पाहा. सहज वर आलं आणि खाली मुळंच उरलेली नसली, तर दोष उघडिपीचा नाही.

‘मग माती झाडून टाकून नुसतं रोप आणतो,’ असं कुणी म्हणेल. सगळा पेच इथंच आहे. उतारावर मुरमाच्या भेगेत उगवलेल्या रोपाचं सोटमूळ वर दिसणाऱ्या खोडापेक्षा बऱ्याचदा लांब असतं. ते पहारीनं हमखास तुटतं. पाणी शोषणारी तंतुमुळं बारीक असतात, ती मातीबरोबरच निघून जातात. पाला तेवढाच राहतो, मुळं निम्मीही राहत नाहीत. पावसाळी दमट हवेत हे नुकसान झाकलं जातं. साठवलेल्या अन्नावर रोप हिरवं दिसतं, एखादा कोंबही काढतं, आणि ऊन तापलं की जातं. म्हणजे माती ठेवली तर हुमणीची भीती, माती झाडली तर मूळ गेलं.

भुंगेरा उडतोच, मग एका रोपानं काय फरक पडतो, हा दुसरा आक्षेप. उडतो हे खरं, पण तो यजमान झाडांच्या आसऱ्यानं पसरतो. जिथं आजूबाजूला कडुनिंब-बाभूळ नाही, तिथं त्याला हातानं पोचवायचं काही कारण नाही. बांधावर लावलेल्या रोपाची गोष्ट आणखी वाईट, कारण दोन हातांवर उभा ऊस असतो. ‘आमच्या आजोबांनी आणलेली जांभूळ अजून उभी आहे,’ असंही सांगतात. उभी राहिलेली दिसते; तिच्याबरोबर आणलेली आणि मेलेली किती होती, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

घरगुती उपायांबद्दल स्पष्टच लिहितो. खड्ड्यात थिमेट टाकण्याची सवय अजून गेलेली नाही. थिमेट म्हणजे फोरेट, आणि देशात त्याच्या विक्री-वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. ज्या परसात मुलं खेळतात, कोंबड्या उकरतात, तिथं हे विष पुरणं हा अक्षम्य निष्काळजीपणा आहे. मुठीनं युरिया टाकणं हाही अपव्ययच. तुटक्या मुळांना तो जाळतो. हुमणीवर खरा उपाय संध्याकाळचा आहे: पहिल्या वळवानंतर रोज रात्री कडुनिंब-बाभळीच्या फांद्या हलवून भुंगेरे गोळा करायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात बुडवायचे. एकट्यानं केलं तर शेजारच्या शिवारातले भुंगेरे उरतात, म्हणून गावानं मिळून करा. जमिनीत ओल असताना मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून द्या.

डोंगराचंही पाहा. राखीव वनातून रोप काढणं भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत वनातली वरची मातीही वनोपजच आहे. शिवाय उतारावरची माती धरून ठेवणारी तीच रोपं असतात. मनालीच्या सहलीतून देवदाराचं पिल्लू आणणाऱ्यांनाही हेच सांगणं: ते हिमालयातल्या दीड ते तीन हजार मीटर उंचीवरच्या थंडीचं झाड आहे, त्याच्या मुळांना तिथल्या मातीतल्या बुरशीची सोबत लागते. कोल्हापूरच्या उन्हाळ्यात ते टिकत नाही.

स्थानिक झाडच हवं, हा आग्रह मात्र योग्य आहे, आणि त्याला सोपी वाट आहे: बी. जांभळाचं बी फार दिवस जिवंत राहत नाही, म्हणून फळं पडतात त्याच आठवड्यात गर धुऊन ते थेट जागेवर किंवा खोल पिशवीत पेरा. करवंदाचंही ताजं बी लावा. सोटमूळ जिथं उतरायचं तिथंच उतरतं. बी नसेल तर वन विभागाच्या किंवा सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून रोप घ्या, पण पिशवीतही हुमणी असू शकते, हे खरं. पिशवी कापून हुंडी एकदा नीट न्याहाळा; तांबूस डोक्याची, वाकडी वळलेली पांढरी अळी दिसली तर ती तिथंच मारा, आणि त्या रोपवाटिकेला कळवा. रस्तारुंदीकरणात जाणारं स्वतःच्या बांधावरचं रोप हलवणं भाग असेल, तर हुंडी मोठी घ्या, पाला निम्मा छाटा आणि ते थेट बागेत न लावता वेगळ्या कुंडीत, घरापासून लांब ठेवा. सप्टेंबर उलटेपर्यंत दर पंधरवड्याला मुळांजवळची माती उकरून पाहा.