दूरच्या संगणकाने ओळख नाकारली तर

पनवेल हे रायगड जिल्ह्यातील जुने व्यापारी गाव. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली व १ ऑक्टोबर २०१६ पासून तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. मुंबई-पुणे रस्ता येथूनच जातो आणि कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ येथूनच निघतो. कोकणात जाणाऱ्या मालाची वखार म्हणून एके काळी ओळखल्या जाणाऱ्या या गावाजवळ आता निराळ्या प्रकारची वखारही उभी राहिली आहे. जुलै २०२० मध्ये येथील हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत 'योट्टा एनएम-१' हे माहिती केंद्र सुरू झाले. ७,२०० रॅक मावतील अशी त्याची रचना असून दूरदूरच्या संस्थांचे संगणक व त्यांची माहिती अशा केंद्रांत ठेवली जाते.

काम करणारा माणूस एका गावी आणि त्याचे दप्तर असलेला संगणक दुसऱ्या गावी, ही आता नित्याची बाब झाली आहे. अशा वेळी त्या दूरच्या संगणकाने, म्हणजे सर्व्हरने, 'आपली ओळख पटत नाही' असे सांगितले तर काम अडते. लोक खोळंबतात व मिळेल त्या उपायाने जोडणी सुरू करण्याची घाई होते. या घाईत कोणती चूक होते आणि योग्य रीत कोणती, हे कार्यालयप्रमुख, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी समजून घेणे आवश्यक आहे.

ओळख पटते कशी?

विंडोज संगणकांत दूरस्थ जोडणीची 'रिमोट डेस्कटॉप' ही पद्धत प्रचलित आहे. तिचा प्रारंभ १९९८ साली 'एनटी ४.० टर्मिनल सर्व्हर' या आवृत्तीपासून झाला. सर्व्हरचा पडदा आपल्या पडद्यावर दिसतो आणि आपल्या कळफलकाच्या आज्ञा तिकडे जातात.

पूर्वी सर्व्हर प्रथम आपला पडदा दाखवीत असे व नंतर नाव आणि पासवर्ड विचारीत असे. विंडोज व्हिस्टाच्या काळापासून पडदा दिसण्यापूर्वीच ओळख तपासण्याची सोय झाली. तीस 'नेटवर्क लेव्हल ऑथेन्टिकेशन' म्हणतात. या तपासणीत वापरकर्त्याची ओळख सर्व्हरपर्यंत सुरक्षितपणे पोहोचविण्याचे काम 'क्रेडएसएसपी' नावाची यंत्रणा करते.

कोषागारातील व्यवहार आठवला म्हणजे हे सहज उमजेल. देयकावरील स्वाक्षरी नमुना स्वाक्षरीशी ताडून पाहिली जाते. ती जुळली नाही तर देयक आक्षेप लावून परत येते. अशा वेळी जाणता कर्मचारी आक्षेपाची पूर्तता करतो. स्वाक्षरी ताडण्याची पद्धतच बंद करा, असे तो म्हणत नाही. संगणकाचा नकार हाही असाच एक आक्षेप होय.

मे २०१८ चा अनुभव

क्रेडएसएसपी यंत्रणेत एक गंभीर दोष आढळला. जोडणीच्या मार्गात मध्येच शिरलेला हल्लेखोर वापरकर्त्याच्या ओळखीचा आधार घेऊन सर्व्हरवर स्वतःच्या आज्ञा चालवू शकेल, असा तो दोष होता. मायक्रोसॉफ्टने १३ मार्च २०१८ रोजी त्यावरील दुरुस्ती प्रसिद्ध केली. त्यानंतर ८ मे २०१८ च्या दुरुस्तीने नियम अधिक कडक केला. ज्या सर्व्हरवर मार्चची दुरुस्ती बसविलेली नाही, त्याच्याशी दुरुस्त झालेल्या संगणकाने जोडणी करू नये, असा तो नियम होता.

टेबलावरच्या संगणकांवर दुरुस्त्या बहुधा आपोआप बसतात. सर्व्हर मात्र काम थांबू नये म्हणून पुष्कळदा तसेच ठेवलेले असतात. परिणामी त्या महिन्यात जगभर असंख्य वापरकर्त्यांस 'ओळख पटविताना चूक झाली, मागितलेले कार्य उपलब्ध नाही' अशा अर्थाचा संदेश दिसू लागला. नाव बरोबर होते आणि पासवर्डही बरोबर होता. दोष सर्व्हरच्या जुनेपणात होता.

यावर दोन उपाय रूढ झाले. पहिला उपाय असा की, वापरकर्त्याच्या संगणकावर 'एन्क्रिप्शन ओरॅकल रेमेडिएशन' हे धोरण 'व्हल्नरेबल' या पातळीवर, म्हणजे असुरक्षित जोडणीस मुभा देणाऱ्या पातळीवर, आणावयाचे किंवा दुरुस्तीच काढून टाकावयाची. दुसरा उपाय म्हणजे सर्व्हरवर राहिलेली दुरुस्ती बसवावयाची. पहिला उपाय काही मिनिटांत होतो, परंतु त्यामुळे मूळ दोषास पुन्हा वाट मोकळी होते. दुसरा उपाय हाच खरा होय. सर्व्हरच्या जागी जाऊन किंवा माहिती केंद्राच्या व्यवस्थापन कक्षामार्फत दुरुस्ती बसविता येते. दुसरा मार्गच नसेल, तर एकाच संगणकावर थोड्या वेळापुरती सवलत घ्यावी, सर्व्हर दुरुस्त करावा आणि सवलत त्याच दिवशी रद्द करावी. त्याची नोंदही ठेवावी.

तपासणीचा क्रम

ओळख नाकारली जाण्याची कारणे अनेक असतात. ती पुढील क्रमाने तपासल्यास वेळ वाचतो.

१. संदेश पूर्ण वाचून जसाच्या तसा लिहून घ्यावा. 'ओळख पटली नाही' आणि 'ओळख पटली, परंतु प्रवेशाचा अधिकार नाही' हे दोन निराळे प्रकार आहेत. दुसऱ्या प्रकारात पासवर्ड कितीही वेळा बदलला तरी उपयोग होत नाही. वापरकर्त्याचे नाव 'रिमोट डेस्कटॉप युजर्स' या गटात किंवा त्यास अनुरूप अधिकार असलेल्या गटात घालावे लागते.

२. नाव व पासवर्ड पाहावा. कळफलक मराठीवर राहिला आहे काय, मोठ्या अक्षरांची कळ दाबलेली आहे काय, हे बघावे. नावाच्या आधी डोमेनचे नाव आवश्यक असते. ते नसल्यास चुकीच्या खात्याशी तुलना होऊ शकते. पासवर्ड बदलल्यानंतर संगणकात साठविलेला जुना पासवर्ड पुनःपुन्हा पाठविला गेल्यास खाते कुलूपबंदही होते.

३. पासवर्डची मुदत पाहावी. पडद्यापूर्वीच ओळख तपासली जात असल्याने मुदत संपलेला पासवर्ड तेथे बदलता येत नाही. 'प्रथम प्रवेशाच्या वेळी पासवर्ड बदला' अशी अट घातलेल्या नव्या खात्यासही हीच अडचण येते. तो कार्यालयातील संगणकावर किंवा व्यवस्थापकाकडून बदलून घ्यावा. पासवर्डच नसलेल्या खात्यास विंडोज मुळातच दुरून प्रवेश देत नाही.

४. घड्याळ पाहावे. डोमेनमध्ये वापरली जाणारी 'केर्बेरॉस' पद्धत वेळेवर अवलंबून असते. दोन्ही बाजूंच्या घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक फरक पडल्यास ती सामान्यतः ओळख मान्य करीत नाही. जुन्या संगणकातील बॅटरी संपली की वीज गेल्यावर घड्याळ मागे पडते. कधी आकडे बरोबर दिसतात, पण कालविभाग ग्रिनिचचा राहिलेला असतो. मग प्रत्यक्षात साडेपाच तासांचे अंतर पडते. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांन्वये 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने संगणकांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या कालसर्व्हरशी जुळती ठेवण्यास सांगितले आहे.

५. पत्ता पाहावा. सर्व्हरचे नाव न देता केवळ त्याचा आकडी पत्ता दिल्यास केर्बेरॉस पद्धत सहसा चालत नाही. तसेच प्रमाणपत्राविषयीचा इशारा न वाचता 'होय' दाबू नये. आपण योग्य सर्व्हरच्याच दाराशी आहोत, याची खात्री करून घेण्याची ती संधी असते.

६. दोन्ही बाजूंच्या दुरुस्त्यांच्या तारखा पाहाव्यात. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही ध्यानात ठेवावे.

७. सर्व्हरची सुरक्षा नोंदवही पाहावी. अयशस्वी प्रवेशाची नोंद तेथे ४६२५ या क्रमांकाखाली होते आणि नकाराचे कारणही दिलेले असते. रात्री-अपरात्री अनोळखी ठिकाणांहून अशा शेकडो नोंदी दिसल्या, तर कोणीतरी पासवर्ड ओळखण्याचा प्रयत्न करीत आहे असे समजावे.

हयगयीची किंमत

सुरक्षा ढिली ठेवण्याचा परिणाम किती दूरवर जातो, हे पनवेलशेजारच्या उरण तालुक्याने पाहिले आहे. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' या विघातक कार्यक्रमाने मर्स्क या जहाज कंपनीची संगणक व्यवस्था जगभर कोलमडली. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील, त्याच समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या धक्क्याचे कामही ठप्प झाले. कंपनीला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले, असे तिच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये सांगितले.

हा कार्यक्रम दोन वाटांनी पसरला. एक वाट होती ती १४ मार्च २०१७ रोजीच दुरुस्ती निघालेल्या दोषाची. दुसरी वाट चोरलेल्या ओळखीची. एका संगणकाच्या स्मृतीतून पासवर्ड उचलून त्यांच्या बळावर तो दुसऱ्या संगणकात शिरत असे. त्यामुळे दुरुस्ती बसविलेले संगणकही सापडले. दुरुस्ती आणि ओळखीची जपणूक या दोहोंपैकी एक करून भागत नाही, हे यावरून दिसून येईल.

आपले कर्तव्य

ग्रामपंचायत, शाळा किंवा कार्यालय यांच्या प्रमुखास तंत्रज्ञ होण्याची गरज नाही. परंतु जोडणी सुरू करून देणाऱ्यास त्याने तीन प्रश्न अवश्य विचारावेत. नकाराचे कारण काय होते? ते दूर करताना कोणती तपासणी बंद केली? बंद केली असल्यास ती पुन्हा केव्हा सुरू होणार? उत्तरे दिनांकासह नोंदवहीत लिहून घ्यावीत.

एकाच पासवर्डवर पाच जणांनी काम करण्याची प्रथा बंद करावी. सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा न ठेवता सुरक्षित खासगी जोडणीमागे ठेवावा आणि शक्य तेथे दुहेरी ओळख अनिवार्य करावी. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-क नुसार गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. घुसखोरी झाल्याचे लक्षात येताच सहा तासांच्या आत सर्ट-इनला कळविणे २०२२ च्या निर्देशांनी बंधनकारक केले आहे.

घरपट्टीची नोंद, जन्माचा दाखला, विद्यार्थ्याचे गुणपत्रक हे दप्तर जनतेचे आहे. ते कपाटात होते तेव्हा त्याच्या किल्लीचा हिशेब ठेवला जात होता. आता ते पनवेलच्या किंवा अन्य गावच्या सर्व्हरवर असले तरी हिशेबाची जबाबदारी आपल्याकडेच राहते. जोडणीस तासभर उशीर झाल्यास लोक समजून घेतील; परंतु नोंदीच नाहीशा झाल्या तर त्यांना द्यावयास उत्तर राहणार नाही.