ठिपकेदार तुतवार व त्याचें शास्त्रीय नांव

हिवाळ्यांत नदीच्या, तळ्याच्या किंवा खाडीच्या कांठीं शेपटी सारखी खालींवर हालवीत हिंडणारा तुतवार पुष्कळ वाचकांनीं पाहिला असेल. त्याचाच एक भाऊबंद उत्तर अमेरिकेंत आहे. तो सुमारें ७ इंच लांब असून विणीच्या दिवसांत त्याच्या पांढऱ्या छातीवर काळे ठिपके उमटतात. त्याचें शास्त्रीय नांव अ‍ॅक्टायटिस मॅक्युलेरियस. ह्या नांवाचा आज विचार करूं.

शास्त्रीय नांवांतील पहिला शब्द आडनांवासारखा व दुसरा स्वतःच्या नांवासारखा असतो. ‘अ‍ॅक्टायटिस’ हा ग्रीक शब्द. अर्थ, किनाऱ्यावर राहणारा. ‘मॅक्युला’ म्हणजे लॅटिन भाषेंत ठिपका.

स्वीडनचा विद्वान लिनियस ह्यानें १७६६ सालीं ह्या पक्ष्यास ‘ट्रिंगा मॅक्युलेरिया’ असें नांव दिलें. पुढें १८११ सालीं इलिगर नांवाच्या जर्मन विद्वानानें ‘अ‍ॅक्टायटिस’ हा वर्ग स्थापिला, व कालांतरानें हा पक्षी त्यांत गेला. आपण पांढरी गाय परंतु पांढरा बैल म्हणतों. तसेंच लॅटिन विशेषणही नामाच्या लिंगाप्रमाणें बदलतें. ट्रिंगा स्त्रीलिंगी, अ‍ॅक्टायटिस पुल्लिंगी. म्हणून ‘मॅक्युलेरिया’चें ‘मॅक्युलेरियस’ झालें पाहिजे होतें. तरी जुनें रूप पुष्कळ वर्षें ग्रंथांत टिकलें. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं तें सुधारलें. नांवापुढें लिनियस व १७६६ हें कंसांत लिहितात. कंसाचा अर्थ असा कीं, नांव देणारा तोच, पण वर्ग आतां निराळा.

परंतु शब्दाचें लिंग तें शब्दाचेंच. कावळा म्हटलें म्हणजे त्यांत मादीही आली. ह्या पक्ष्यांत तर मादीचेच ठिपके अधिक मोठे असतात. ती एका ऋतूंत अनेक नरांशीं जोडा जमविते, आणि अंडीं उबविणें व पिलें राखणें हें काम बहुतेक नरच करितो.

शिवाय हिवाळ्यांत छातीवरचे ठिपके नाहींसे होतात. केवळ नांव पाठ करणारा तेव्हां फसेल. शेपटीची चाल ओळखणारा फसणार नाहीं. म्हणून शिकवितांना आधीं पक्षी दाखवावा, मग नांव सांगावें.

प्रश्न:
१. ‘मॅक्युलेरिया’चें ‘मॅक्युलेरियस’ कां झालें?
२. नांवापुढील कंस काय सांगतो?
३. ठिपके नसतांना हा पक्षी कशावरून ओळखाल?