खळ शिवण्यापुरतीच

नव्या सुती कापडाचे चौकोन जोडून गोधडी करायला घेतली की पहिला त्रास कापड देतं. कापताना चारही बाजू बरोबर असतात, पण मशीनच्या दाबपट्टीखालून बाहेर येईपर्यंत एक कोपरा पुढे पळालेला असतो. त्रिकोण असतील तर विचारूच नका. त्यांची एक बाजू उरेब असते, आणि उरेब कापड नुसत्या हाताळण्यानेही ताणलं जातं. असे शंभरेक तुकडे जोडल्यावर गोधडीचा मधला भाग फुगतो आणि कडा लाटेसारख्या होतात. कापायच्या आधी कापडाला खळ दिली तर यातला बराचसा त्रास टळतो. धागे जागचे हलत नाहीत, कात्री सरळ चालते, घडीची रेघ राहते. मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला खळ द्यायला सांगते. त्याच दमात हेही सांगते की काम संपलं की ती खळ गोधडीतून काढायची, राहू द्यायची नाही.

हे दुसरं वाक्य आमच्या घरातल्या एका नुकसानीतून आलं आहे. सासूबाई गेल्यावर त्यांची सुती पातळं जाऊबाईंनी आणि मी वाटून न घेता त्यांची एक गोधडी करायचं ठरवलं. धुऊन धुऊन पातळं इतकी मऊ झाली होती की कात्रीखाली निसटायची, म्हणून कडक खळ देऊनच चौकोन कापले. वरचा थर जोडून झाला आणि जाऊबाईंच्या घरात मोठं आजारपण आलं. काम थांबलं. तो थर घडी करून चिपळूणच्या त्यांच्या कपाटात राहिला आणि सगळा पावसाळा तिथेच गेला. दिवाळीच्या आवराआवरीत बाहेर काढला तेव्हा घडीच्या रेघांवर चाळण झाली होती. काही ठिकाणी आरपार भोकं, काही ठिकाणी वरचा पापुद्रा खरवडल्यासारखा झिरझिरीत झालेला. घडी उलगडताना दोन-तीन चंदेरी किडे सुळकन पळाले. कसर लागली होती. त्याच फळीवर शेजारी मामंजींची धुतलेली, बिनखळीची धोतरं होती. त्यांना एकही भोक नव्हतं. डांबराच्या गोळ्या तर दोन्हींच्या मध्येच ठेवलेल्या होत्या.

कसरीला पिष्टमय पदार्थ आवडतात. पुस्तकाच्या बांधणीतली खळ, भिंतीच्या कागदामागची चिक्की, कपड्यातली कांजी हे तिचं खाणं. खळ खरवडताना खालचा धागाही तुटतो. झुरळंही याच वासाने येतात. कोकणातल्या दमट हवेत भर म्हणून बुरशी येते, कारण खळीचं कापड हवेतला ओलावा धरून ठेवतं. बाजारातून नवीन कापड पुन्हा आणता येतं. सासूबाईंचं इरकल पुन्हा आणता येत नाही, म्हणून हे इतकं लिहिते आहे.

आता खळीकडे वळते. आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी की दुकानातून आणलेल्या कोऱ्या कापडात खळ आधीपासूनच असते. मागावर उभ्या धाग्यांना सतत ताण आणि घासणी सोसावी लागते. ते तुटू नयेत म्हणून विणण्याआधी त्यांना स्टार्चचा, कधी इतर चिकट रसायनांचा लेप देतात. इचलकरंजीत हे काम करणाऱ्या कारखान्यांना सगळे सायझिंगच म्हणतात. पुढे कापड छापताना-रंगवताना हा लेप धुऊन काढतात, पण विकायला जाताना कापड भरीव वाटावं म्हणून पुन्हा खळ चढवली जाते. मांजरपाटात तर मूळचाच लेप असतो. म्हणून हाताला कडक लागलं की कापड चांगलं, असं समजू नका. एका दुकानातून मी अस्तरासाठी असंच जाडजूड वाटणारं कापड आणलं होतं. पहिल्या पाण्यातच त्याची जाळी झाली. तेव्हापासून दुकानात कापडाचा कोपरा दोन्ही हातांत धरून चोळून पाहते. पांढरी भुकटी पडली, किंवा चोळलेला भाग एकदम पातळ दिसला, तर ते कापड ठेवून देते.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी धुणं, मग खळ, मग इस्त्री आणि शेवटी कापणं. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे तीन ते पाच सेंटीमीटर सहज आटतं, आणि लाल, निळा, किरमिजी रंग उतरतो. हे सगळं गोधडी होण्याआधीच होऊन जाऊ दे. कापलेल्या तुकड्यांना मात्र खळ देऊ नका. ओले तुकडे वाळताना हवे तसे आकसतात आणि मापं बिघडतात.

पातळाला भाताची पेज चालते, मीही वापरते, पण गोधडीच्या कापडाला मला ती आवडत नाही. दाटपणा रोज वेगळा येतो आणि शितं चिकटतात. त्यापेक्षा अर्धा लिटर पाण्याला एक सपाट मोठा चमचा कॉर्नफ्लॉअर घ्यावं. ते आधी थोड्या गार पाण्यात कालवायचं, मग उरलेल्या उकळत्या पाण्यात ओतून पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं. एकदम गरम पाण्यात पीठ टाकलं की वरून शिजतं, आत कोरडं राहतं आणि गुठळ्या होतात. फार मऊ, जुन्या कापडाला पीठ दुप्पट घ्या. गडद रंगांवर पांढरे डाग दिसतात, तिथे साबुदाण्याची खळ पातळ करून, मलमलीतून गाळून वापरावी. शिजवलेली खळ उन्हाळ्यात एका दिवसात आंबते, म्हणून लागेल तेवढीच करा.

कापड खळीत बुडवून पिळा, झटका आणि उभ्या-आडव्या धाग्यांची रेघ सरळ ठेवून सावलीत वाळवा. मग पाण्याचा हलका शिपका मारून गुंडाळी करून अर्धा तास ठेवा, म्हणजे ओलावा सगळीकडे सारखा मुरतो. इस्त्री उलट बाजूने, उचलून ठेवत करायची. ओढत फिरवली तर उरेब बाजू पुन्हा ताणते आणि सगळी मेहनत वाया जाते. फवाऱ्याची तयार खळ वापरत असाल तर मारल्या मारल्या इस्त्री टेकवू नका. न मुरलेली खळ तव्याला चिकटून जळते आणि तिचे तपकिरी डाग पुढच्या कापडावर उमटतात.

प्रत्येक कापडाला खळ हवीच असं नाही. हल्ली खण म्हणून मिळणारं बरंचसं कापड पॉलिएस्टरचं असतं, त्यावर ती नीट बसत नाही. पैठणीच्या काठाला तर पाण्याची खळ लावूच नये, रेशमावर डाग राहतात. मागे मलमल टाचून घेतली की पुरते. आणि आपली जुनी, हाताने धावदोरा घालून शिवायची गोधडी खळीशिवायच करावी. जुन्या लुगड्यांचे चार-पाच थर तसेही एकमेकांना धरून राहतात. त्यांत खळ असली तर सुई अडते, बोटं दुखतात आणि टाका लांब पडतो. आपल्या आज्यांनी खळीविना शिवलेल्या गोधड्या सरळच होत्या.

आता धुण्याबद्दल. गोधडी टाके घालून पूर्ण झाली, की वापरायला काढण्याआधी कोमट पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी पाणी दोनदा बदला आणि नेहमीच्या पावडरीत धुवा. हल्लीच्या बऱ्याच पावडरींत स्टार्च तोडणारं विकर असतं, त्याचा उपयोग होतो. खळ गेली की नाही हे ओळखायची सोपी युक्ती आहे. खळ दिलेल्या कापडाची एक चिंधी गोधडीबरोबरच भिजवा आणि धुवा. मग त्या चिंधीवर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. काळानिळा डाग पडला तर स्टार्च अजून आहे, आणखी एक धुणं हवं. फक्त पिवळट-तपकिरी राहिला तर निर्धास्त व्हा. मात्र थेंब चिंधीवरच टाकायचा, गोधडीवर नाही.

अडचण येते ती अर्ध्यावर थांबलेल्या कामाची. नुसता जोडलेला वरचा थर मशीनमध्ये धुतला तर शिवणींच्या कडा उसवतात. तो टबात कोमट पाण्यात अलगद बुडवून ठेवा, न चोळता पाणी बदला, टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपा आणि सपाट पसरून वाळवा. पुन्हा हातात घ्याल तेव्हा वाटल्यास हलकी खळ फवारता येईल.

तुमच्याही कपाटात खळीच्या कापडाचं असं अर्धवट काम पडलं असेल, तर या मे महिन्यात, ऊन आहे तोवर ते भिजवून, वाळवून घ्या. मृगाचा पाऊस सुरू झाला की कापड नीट वाळत नाही आणि कसरीचा हंगाम सुरू होतो.