दुकानासाठी पहिला टॅब घेताय? आधी हे वाचा

स्वस्ताच्या मागे लागू नका, मित्रांनो. 2011 मध्ये सरकारने आणलेला ‘आकाश’ आठवतो? रॅम फक्त 256 एमबी, स्क्रीन दाबून दाबून बोट दुखायचं. हिशेबाचं ॲप आणि व्हॉट्सॲप सोबत चालवायचं तर 4 जीबी रॅम पाहिजेच. सिमवालाच घ्या, आंधळगावचा कोसा घेऊन प्रदर्शनात बसलात तर तिथे वायफाय कुठून आणणार?

जीएसटी नंबर असेल तर बिलावर टाकून घ्या. रेग्युलरवाल्यांना 18 टक्क्यांचं क्रेडिट मिळतं, कंपोझिशनवाल्यांना नाही.

आणि पहिला महिना वही बंद करू नका! शटर पाडल्यावर वही अन् टॅबची बेरीज जुळवा. फरक आला तर त्याच रात्री शोधा. उधारीची एक नोंद सुटली की गिऱ्हाईकाशी वाद ठरलेला. पासवर्डही टाका, पोरं गेम भरून ठेवतात.